ॲन फ्रँकच्या लपण्याच्या जागेची खबर कोणी दिली? तपासाचे कागद इथे बसून कसे वाचायचे?

वाचनकट्टा_परभणी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्यात पुढच्या महिन्यात अकरावी-बारावीच्या चाळीसेक मुलांसोबत दोन तासांचं सत्र आहे. ॲन फ्रँकची डायरी सगळ्यांनी मराठीतून वाचली आहे. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची, आणि ४ ऑगस्टला छापा पडला. मुलांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो: ॲम्स्टरडॅमच्या एका कार्यालयामागे लपलेली आठ ज्यू माणसं दोन वर्षं तग धरून राहिली, मग खबर दिली कोणी?

नेटवर शोधलं की जानेवारी २०२२ च्या बातम्या सगळ्यात वर येतात. एफबीआयच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पथकानं छडा लावला, खबर देणारा ॲम्स्टरडॅमचाच एक ज्यू नोटरी निघाला, असं त्यांत आहे. काही मुलांनी ते वहीत उतरवूनही आणलंय. तो निष्कर्ष टिकला का? आधीचे तपास काय सांगतात? मूळ कागद मुलांना दाखवायचे तर परभणीत बसून काय मिळेल? डच कुणालाच येत नाही, इंग्रजी बेताचं. प्रोजेक्टर आहे.

मूळ_नक्कल (छ. संभाजीनगर)

सर, तो निष्कर्ष टिकला नाही. मार्च २०२२ मध्ये डच इतिहासकारांच्या एका गटानं त्याचं मुद्देसूद खंडन केलं आणि डच प्रकाशकानं ते पुस्तक बाजारातून मागे घेतलं. पण मुलांना एवढंच सांगून थांबू नका. तो का टिकला नाही हे कागद समोर ठेवून दाखवता येतं, आणि आपल्याकडच्या मुलांना ते पटकन कळेल. निजामकालीन नोंदींच्या शोधापायी गेल्या काही वर्षांत खासरा पत्रक, मूळ दप्तर, खरी नक्कल हे शब्द घराघरांत पोचलेत.

सगळा डोलारा एका चिठ्ठीवर उभा आहे. युद्ध संपल्यावर ॲनचे वडील ओटो फ्रँक यांना एक निनावी चिठ्ठी आली. तिच्यात म्हटलं होतं की तुमचा पत्ता अमुक माणसानं जर्मन कार्यालयाला दिला, आणि तिथे त्यानं दिलेल्या पत्त्यांची अख्खी यादीच होती. ही मूळ चिठ्ठी आज नाही. आहे ती ओटो यांनी टाइप केलेली नक्कल, जी १९६३-६४ च्या तपास अधिकाऱ्याच्या घरच्या कागदांत सापडली.

तहसीलमधून नक्कल घेताना आपण काय बघतो? कोणत्या दप्तरावरून उतरवली, कोणी उतरवली, कधी, आणि खाली सही-शिक्का आहे का. हेच चार प्रश्न इथे लावा. उतरवणारा माहीत आहे, विश्वासू आहे. पण मूळ लिहिणारा कोण, त्याला हे कुठून कळलं, त्यानं ती यादी डोळ्यांनी पाहिली की कुणाकडून ऐकली, यातलं काहीच हाती लागत नाही. म्हणजे नक्कल खरी मानली (ही पहिली पायरी) तर एवढंच सिद्ध होतं की अशी चिठ्ठी ओटो यांना मिळाली होती (ही दुसरी). चिठ्ठीतला मजकूर खरा, ही तिसरी पायरी आहे आणि ती वेगळी सिद्ध करावी लागते. पथकानं दुसऱ्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारली.

आता मजकूर तपासा. त्या नोटरीकडे लपलेल्या माणसांचे पत्ते कुठून येणार? पथकाचं उत्तर असं की तो ज्यू कौन्सिलचा सदस्य होता आणि कौन्सिलकडे अशा याद्या असणार. अशा यादीचा एकही भरवशाचा कागद नाही. आणि जर्मनांच्या हुकमावर चालणाऱ्या कौन्सिलला, लपून बसलेला माणूस आपला पत्ता कळवील कशाला? त्यात कौन्सिल सप्टेंबर १९४३ मध्येच बरखास्त झाली. छापा ऑगस्ट १९४४ चा. माणसामागे बक्षीस मिळवणारे पोलीस हातात आलेला पत्ता अकरा महिने बासनात बांधून ठेवत नाहीत. शिवाय तो माणूस १९५० मध्ये वारला, त्याचा जबाब कधी झालाच नाही. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मुलांच्या वहीतही "एक नोटरी" एवढंच राहू द्या.

पथकानं आपली खात्री ८५ टक्क्यांच्या वर सांगितली होती. हा आकडा कशाला भागून आला, हे मुलांना जरूर विचारायला लावा. संशयितांची यादी करायची, एकेक नाव खोडत जायचं आणि उरेल तो गुन्हेगार, ही पद्धत तेव्हाच चालते जेव्हा खरा माणूस यादीत असल्याची खात्री असते. इथे यादीच अंदाजाने केलेली.

जबाब_पंचनामा (लातूर)

वरच्याशी सहमत. आधीच्या तपासांबद्दल लिहितो.

पहिला तपास १९४८ चा, ॲम्स्टरडॅम पोलिसांच्या राजकीय गुन्हे शाखेचा. संशय होता प्रिन्सेनग्राख्ट २६३ च्या, म्हणजे लपण्याची जागा होती त्याच इमारतीच्या, तळमजल्यावरच्या गोदामातल्या कामगारावर. का? तो संध्याकाळी टेबलाच्या कडेला पेन्सिल ठेवून जायचा आणि जमिनीवर बटाट्याचं पीठ भुरभुरायचा, म्हणजे रात्री कोणी वावरलं तर पेन्सिल पडेल, पावलं उमटतील. चौकशीत त्याचं म्हणणं, गोदामात चोऱ्या होत होत्या, चोर पकडायला केलं. चोऱ्या खरोखर होत होत्या, डायरीतच एप्रिल १९४४ च्या घरफोडीची लांबलचक नोंद आहे. त्या रात्री पोलीस लपण्याच्या जागेचं दार झाकणाऱ्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत येऊन ते हलवून गेले होते. तेव्हा पीठ आणि पेन्सिल यांतून एवढंच निघतं की त्याला इमारतीत कोणीतरी आहे असं वाटत होतं. त्यानं कळवलं, हे निघत नाही. पुराव्याअभावी तो सुटला.

दुसरा तपास १९६३-६४ चा. नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सिमॉन विझेन्थाल यांनी छापा घालणारा, नाझींच्या एसएस दलातला कार्ल सिल्बरबाउअर व्हिएन्नात शोधून काढला, तो तेव्हा तिथल्या पोलिसांतच नोकरीला होता. त्याचा जबाब असा की वरिष्ठ युलिउस डेटमान यांना फोन आला आणि डेटमाननं मला पाठवलं. पण डेटमाननं १९४५ मध्येच कोठडीत आत्महत्या केली होती. म्हणजे फोन घेणारा हयात नाही आणि फोनबद्दल सांगणारा एकोणीस वर्षांनी, तेही ऐकीव सांगतोय. हा तपासही निष्कर्षाविना बंद झाला.

मुलांकडून एक साधं काम करून घ्या. प्रत्येक साक्षीदारासमोर दोन वर्षं लिहायला लावा: घटना कधीची, जबाब कधीचा. मध्ये डायरीचं प्रकाशन ठेवा, २५ जून १९४७. त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक साक्षीदार डायरी वाचून किंवा तिच्याबद्दल ऐकून बोलतोय. स्वतःला आठवलेलं कुठे संपतं आणि वाचलेलं कुठे सुरू होतं, हे त्यालाही सांगता येत नाही. खोटं बोलायचा हेतू असायची गरजच नाही. गावाकडच्या जुन्या फौजदारी खटल्यांतही साक्षी अशाच ठिकाणी फुटतात.

आता मूळ प्रश्नाबद्दल. "खबर कोणी दिली" या वाक्यात दोन गोष्टी आधीच गृहीत आहेत: खबर होती, आणि ती ज्यूंबद्दलच होती. २०१६ मध्ये ॲन फ्रँक हाउस या ॲम्स्टरडॅमच्या म्युझियमनं केलेल्या अभ्यासात नेमकं इथेच बोट ठेवलंय. मार्च १९४४ च्या नोंदींत ॲन लिहिते की रेशनची कूपनं पुरवणारी दोन माणसं पकडली गेली. ती दोघं त्याच इमारतीतल्या पेढीचे विक्रेते होते. छाप्यातल्या डच पोलिसांपैकी एकाचं काम त्या काळात आर्थिक गुन्ह्यांशी जोडलेलं होतं. छापा दोन तासांहून जास्त चालला आणि आठ जणांना न्यायला गाडी नंतर मागवावी लागली. म्हणजे पोलीस कूपनांच्या किंवा बेकायदा कामगारांच्या तपासाला आले आणि कपाटामागचं घर त्यांना अनपेक्षितपणे सापडलं, असंही घडलेलं असू शकतं.

उदगीर_वाचक

साहेब, या शेवटच्या मुद्द्याला एक बाजू जोडा, नाहीतर मुलं नोटरी सोडून कूपनं धरतील. सिल्बरबाउअर ज्या आयव्ही-बी-फोर विभागात होता त्याचं मुख्य कामच लपलेल्या ज्यूंना पकडणं. असा माणूस कूपनांच्या तपासाला का निघाला, याचं उत्तर त्या मांडणीला द्यावं लागतं. गाडी नंतर आली हेसुद्धा दोन्हीकडे वळतं: आत किती माणसं आहेत ते ठाऊक नसेल तर खबर असूनही छोटी गाडी आणतील. म्युझियमनं स्वतः ही शक्यता म्हणूनच मांडली आहे, निकाल म्हणून नाही. तेवढा तोल वर्गात सांभाळायला हवा.

दुसरं, एका घराच्या गोष्टीत अडकलं की बाकीचं चित्र दिसत नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. १,०७,००० जणांना छावण्यांकडे नेलं, त्यांतले जेमतेम पाच हजार परतले. लपले साधारण २५ ते २८ हजार, आणि त्यांतले एक तृतीयांशाच्या आसपास पकडले गेले. एवढे लोक शेजाऱ्याच्या एखाद्या रागापोटी सापडत नाहीत. त्यामागे पगारी यंत्रणा होती. हेन्नेकेची टोळी म्हणून एक पन्नासेक माणसांचं पथक होतं, ते मूळचं ज्यूंच्या घरांतलं सामान नोंदवणारं. मार्च ते सप्टेंबर १९४३ या काळात त्यांनी आठ हजारांहून जास्त माणसं पकडून दिली. सुरुवातीचा दर माणशी साडेसात गिल्डर (तेव्हाचं डच चलन) होता, तो पुढे वाढत गेला. या पैशाला डचमध्ये "कॉपखेल्ट" म्हणतात, डोक्यामागचा पैसा. पैसे सरकारी तिजोरीतून जायचे, त्यामुळे पावत्या व्हायच्या आणि त्यांतल्या काही उरल्या आहेत. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा अशी एक पावती जास्त बोलते.

आणि खबरी कसे तयार केले जायचे हेही सांगा. पकडलेल्याला पर्याय द्यायचे: छावणी, नाहीतर आमच्यासाठी काम. आन्स फान डाइक ही ज्यू बाई स्वतः १९४३ मध्ये पकडली गेली आणि नंतर लपायला मदत करते असं भासवून इतरांना पकडून देऊ लागली. जानेवारी १९४८ मध्ये तिला मृत्युदंड झाला. ॲनच्या प्रकरणातही तिचं नाव घेतलं गेलंय, पण तिला जोडणारा कागद नाही. ती खबरी होती एवढ्यावरून हीसुद्धा खबर तिचीच, असं म्हणता येत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

कागद कुठे मिळतील ते मी सांगते. सर, आधी एक अडचण काढून टाका, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांतच मुलं हिरमुसतील. डायरीतली बरीच नावं बदललेली आहेत. "फान डान" कुटुंब कुठल्याच यादीत सापडणार नाही, ते खरे फान पेल्स. दंतवैद्य "ड्युसेल" म्हणजे फ्रिट्झ फेफर. ॲनचं कागदोपत्री नाव आनेलीस मारी. शोधताना नावापेक्षा जन्मतारीख भरवशाची: १२ जून १९२९, जर्मन कागदावर ती १२.६.२९ अशी असते, आधी दिवस मग महिना.

डच आडनावातलं "फान" अक्षरक्रमात धरत नाहीत, फान पेल्स हे "प" खाली लागतं. लग्न झालेल्या बाईचं नाव नवऱ्याचं आडनाव, मग रेघ, मग माहेरचं आडनाव असं असतं: फ्रँक-होलेंडर, फान पेल्स-र्‍यॉटगेन. तिन्ही तऱ्हांनी शोधा. आणि "आय-जे" ही जोडी कारकुनांनी पुष्कळदा "वाय" अशी लिहिली आहे, तेही करून बघा.

पहिलं ठिकाण जर्मनीतल्या बाड आरोल्झनचं आरोल्झन आर्काइव्ह. शोध फुकट, खातं लागत नाही, इंग्रजी पान आहे. तिथे ॲम्स्टरडॅमच्या ज्यू कौन्सिलच्या कार्डांच्या प्रतिमा आहेत. प्रोजेक्टरवर एकच कार्ड मोठं करून लावा आणि मुलांना पाच मिनिटं नुसतं बघू द्या. वर नाव, जन्मतारीख, पत्ता. मग वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं घातलेल्या तारखा: वेस्टरबोर्कला, म्हणजे पुढे पाठवण्याआधी ठेवायच्या डच छावणीत, कधी आणलं, कोणत्या बराकीत, कोणत्या दिवशी पुढे रवाना. कुठे "एस" अक्षर दिसलं तर थांबा. तो "श्ट्राफ", म्हणजे शिक्षेचा शिक्का. हुकमाप्रमाणे हजर न होता लपलेली माणसं पकडली की वेस्टरबोर्कच्या शिक्षा बराकीत टाकत, ६७ नंबरची बराक. फ्रँक कुटुंब ८ ऑगस्ट १९४४ ला आलं ते तिथेच. ३ सप्टेंबरला १,०१९ माणसांची गाडी आउशविट्झला निघाली, वेस्टरबोर्कहून तिकडे गेलेली ती शेवटची. एका अक्षरावरून माणूस घरून उचललेला की लपलेला असताना धरलेला, हे बरेचदा कळतं. मात्र "एस" दुसऱ्या गुन्ह्यांसाठीही लावत, म्हणून तेवढ्यावर निकाल नको, तारीख आणि पत्ता जुळवून बघा.

दुसरं, योड्स मॉन्युमेंट. नेदरलँड्समधल्या एक लाखाहून जास्त मृतांची नावं पत्त्यासह आहेत, इंग्रजी पानंही आहेत. एका रस्त्यावरची सगळी घरं काढता येतात. मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक घर द्या.

तिसरं, डेल्फर. जुनी डच वर्तमानपत्रं शब्दानं शोधता येतात. इथे हमखास फसगत होते ती शुद्धलेखनामुळे. डच लेखनाचे नियम १९४७ मध्ये बदलले. त्याआधी "योडसे" या शब्दाच्या रोमन स्पेलिंगमध्ये "एस" नंतर "सी-एच" असायचं, नंतर ते गेलं. आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर युद्धकाळातले पुष्कळ मजकूर येतच नाहीत, म्हणून दोन्ही टाका. मोबाईलचं भाषांतरही जुन्या स्पेलिंगला आणि संक्षेपांना अडखळतं. एक वाक्य एका वेळी टाका, आणि नकार उलटा झालाय का तेवढं दुसऱ्या ॲपवर पडताळा. "ओंडरडाउकर" हा शब्द मुलांना पाठ करू द्या. शब्दशः पाण्याखाली बुडी मारलेला. आपला "भूमिगत" त्याच्या जवळचा.

सगळ्यात मोठं दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, युद्धानंतर शत्रूला साथ दिल्याच्या संशयावरून झालेल्या चौकश्यांचं. सुमारे ४,२५,००० नावं. त्यावरचे निर्बंध १ जानेवारी २०२५ ला उठले आणि नावांची यादी ऑनलाइन आली. फाइली मात्र आल्या नाहीत, कारण डच माहिती-संरक्षण प्राधिकरणानं हरकत घेतली. त्या पाहायला हेगच्या वाचनकक्षात जावं लागतं. सर, ही यादी वर्गात उघडू नका असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. तिच्यातल्या जेमतेम एक पंचमांश लोकांवर खटला चालला. नाव यादीत आहे याचा अर्थ कोणीतरी कधीतरी बोट दाखवलं, एवढाच. सोळा वर्षांच्या मुलाला स्क्रीनवर नाव दिसलं की तो "गद्दार" म्हणून मोकळा होतो.

वाचनकट्टा_परभणी

सगळ्यांचे आभार. नोटरीचं नाव खोडायला सांगतो. आणखी एक. दोन मुलांनी सुचवलंय की हीच पद्धत वापरून आपल्या भागातली रझाकारांच्या काळातली प्रकरणं घ्यावीत. गावात भूमिगत कार्यकर्त्यांची खबर कोणी पोचवली, म्हाताऱ्यांना विचारून यावं. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात मांडायची त्यांची इच्छा आहे. करू द्यावं का?

जबाब_पंचनामा (लातूर)

सर, मुलाखती करू द्या, पण "खबर कोणी दिली" हा प्रश्न प्रश्नावलीतून काढा. ॲम्स्टरडॅममध्ये नाव चुकलं तर ते पुस्तक मागे घेता येतं. इथे गावात घरं तीच आहेत, आडनावं तीच आहेत, आणि ज्याचं नाव येईल त्याचा नातू त्याच वर्गात बसलेला असेल. १९४८ मध्ये आधी रझाकारांच्या हातून आणि नंतर पोलीस ॲक्शनच्या वेळी, दोन्हीकडून माणसं मेली. पोलीस ॲक्शनच्या वेळच्या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर येऊ दिला नव्हता, तो २०१३ मध्ये अभ्यासकांना पाहायला मिळाला. अशा ठिकाणी एका आजोबांच्या सांगोवांगीवर मुलानं नाव उच्चारणं म्हणजे तीच निनावी चिठ्ठी पुन्हा लिहिणं.

त्याऐवजी हे विचारू द्या: निरोप कसे जायचे, भूमिगत माणसाला भाकरी कोण पोचवायचं, कोणत्या वाटेनं, गावात पोलीस आल्याचं आधी कोणाला कळायचं, घरातल्या लहान पोरांना काय सांगून ठेवलेलं असायचं. ॲनच्या घरालाही जगवलं ते कार्यालयातल्या मीप खीस, बेप फोस्काउल, क्लाइमन, कुग्लर अशा मदतनिसांनी. शेवटच्या दोघांना त्याच दिवशी अटक झाली. हा भाग सांगायला म्हातारी माणसं कचरत नाहीत आणि तो आता झपाट्यानं हातचा जातोय.

प्रत्येक मुलाखतीच्या कागदावर पाच रकाने आखा: काय सांगितलं, स्वतः पाहिलं की ऐकलं, ऐकलं तर कोणाकडून, तेव्हा वय किती होतं, आणि हे दुसऱ्या कुणी वेगळं सांगितलंय का. घटनेच्या वेळी सहा वर्षांचा असलेला माणूस "मी पाहिलं" म्हणाला तरी चौथ्या रकान्यामुळे मुलं थबकतील. आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारा, आणि कोणी ओघात नाव घेतलंच तर लेखी उताऱ्यात "एक गावकरी" लिहा. मूळ रेकॉर्डिंग तुमच्याकडे राहू द्या, मुलांच्या मोबाईलमध्ये नको, कारण संध्याकाळपर्यंत ते गावच्या ग्रुपवर गेलेलं असतं.

गोदाकाठ (नांदेड)

हेच पाच रकाने डायरीच्या सत्रातही वापरा सर. सिल्बरबाउअरचा जबाब, ओटो यांची नक्कल, गोदामातला कामगार, कूपनांची मार्चची नोंद, अशा चार ओळी भरायला एक तास पुरे. कौन्सिलचं कार्ड मात्र आदल्या रात्री डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवा, आरोल्झनची पानं मोबाईल नेटवर फार हळू उघडतात. आणि एक कार्ड कागदावर छापून आणा, रंगीत. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये वेगवेगळ्या शाया एकच दिसतात, मग कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची हे मुलांना ओळखताच येणार नाही.